नवीन स्टेज मॅनेजरसाठी: फाइल अशी ठेवा की तुमच्याशिवायही प्रयोग झाला पाहिजे

माझ्या दुसऱ्याच नाटकाच्या तिसऱ्या प्रयोगाला मला १०२ ताप होता आणि माझ्या असिस्टंटने प्रयोग कॉल केला, म्हणजे लाइट-साउंड कधी बदलायचे ते ऑपरेटरांना तिने सांगितलं. शेवटच्या ब्लॅकआउटसमोर मी पेन्सिलने लिहून ठेवलेलं, "ती वळून बघते तेव्हा". आता ती त्या प्रवेशात दोनदा वळते हे मला पाठ होतं, पण कागदावर कुठे होतं? पहिल्याच वळण्याला अंधार झाला, शेवटची चार वाक्यं अंधारात बोलली गेली, प्रेक्षकांना वाटलं असंच असणार, टाळ्यासुद्धा पडल्या. असिस्टंटची काडीची चूक नव्हती, तिने जे लिहिलं होतं तेच केलं.

तेव्हापासून मी काहीही लिहिताना एकच प्रश्न विचारते: उद्या मी आले नाही तर हे वाचून दुसऱ्या कुणाला जमेल का? खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच प्रश्नातून आलंय. कॉलेजच्या एकांकिका करणारे, नुकतंच एखाद्या ग्रुपबरोबर काम सुरू केलेले, "तू जरा बॅकस्टेज बघ ना" म्हणून अंगावर पडलेलं, अशा सगळ्यांसाठी आहे.

तालीम सुरू व्हायच्या आधी

स्क्रिप्ट तीनदा वाचा. पहिल्यांदा फक्त गोष्ट म्हणून, हातात पेन्सिल न घेता, कारण प्रेक्षक म्हणून ते नाटक तुम्हाला एकदाच वाचायला मिळणार आहे. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, जे जे दिसतं, ऐकू येतं, हातात धरलं जातं त्याच्याखाली रेघ मारायची. पत्र, चष्मा, दारावरची थाप, फोन, पाऊस. संवादातले उल्लेख विसरू नका, कंसातल्या सूचनेत काही नसतं पण पात्र म्हणतं "हा घे रुमाल", म्हणजे रुमाल लागणार. तिसरं वाचन मात्र हातात घड्याळ घेऊन, मोठ्याने.

या तिसऱ्या वाचनातून एक तक्ता बनवायचा, आडवे प्रवेश, उभी पात्रं, कोण कुठे आहे तिथे फुली. दिसायला शाळेच्या हजेरीसारखा दिसतो पण याच्यासारखं उपयोगी काही नाही. कुठल्या दिवशी कुणाला तालमीला बोलवायचं हे त्यातून कळतं, आणि दुसरं म्हणजे एखादी पान ३४ वर डाव्या विंगेत जाते आणि पान ३५ वर उजव्या विंगेतून वेगळ्या कपड्यांत येते हे तिथेच दिसतं. मधला मजकूर मोठ्याने वाचून बघितला तर ४० सेकंद. हे कपडे करणाऱ्या माणसाला आत्ता सांगितलं तर तो बटणांच्या जागी वेल्क्रो लावेल, रंगीत तालमीला सांगितलं तर तो तुमच्याकडे फक्त बघत राहील.

सगळ्यांचे नंबर, घरच्या एका माणसाचा नंबर, कसली ॲलर्जी आहे का, कुठलं औषध चालू आहे का, हे पहिल्या दिवशी भरून घ्या. आणि तो कागद तुमच्याकडेच ठेवा, ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर फक्त वेळा जातात.

फाइल

स्क्रिप्टची एकाच बाजूला प्रिंट काढायची, फाइलमध्ये अशी लावायची की उघडल्यावर एका बाजूला मजकूर आणि समोर कोरं पान. मजकुराच्या पानावर बाहेरचा समास रुंद ठेवा, तिथे क्यू, म्हणजे लाइट-साउंड बदलायच्या खुणा, येणार. कोऱ्या पानावर ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं आणि कुठून कुठे जातं. सगळं पेन्सिलने, मी तर फाइलला दोरीने खोडरबर बांधलेलं. दिग्दर्शक मंगळवारी बसवलेलं गुरुवारी बदलतो आणि शनिवारी पुन्हा मंगळवारचं आठवतं, "आपण आधी काय करत होतो?" असं विचारतो, त्यामुळे खोडताना जरा पुसट राहू द्यायचं, ही युक्ती कुणी शिकवत नाही.

पानांचे नंबर एकदा पडले की बदलायचे नाहीत. नवीन मजकूर आला तर १२ नंतर १२अ, १२ब. काही जण पूर्ण स्क्रिप्ट पुन्हा नंबर टाकून पाठवतात आणि मग तालमीत निम्मे लोक एका पान ४० वर आणि निम्मे दुसऱ्या पान ४० वर, अर्धा तास त्यातच जातो.

ब्लॉकिंगसाठी स्वतःची खुणांची भाषा चालते पण पहिल्या पानावर तिची किल्ली लिहा. मी पात्राच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात लिहिते, पुढे म्हणजे प्रेक्षकांच्या दिशेने "पु", मागे "मा", मध्य "म", डावीकडे "डा", उजवीकडे "उ". डावी-उजवी नेहमी नटाची, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरची. तुम्ही तालमीत समोर बसता त्यामुळे पहिले आठ दिवस उलटं लिहिणारच, प्रत्येक पानाच्या कडेला छोटी आठवण करून ठेवा. मग संवादात जिथे हालचाल होते त्या शब्दावर १, २, ३ असे आकडे टाकायचे आणि समोरच्या पानावर "१) न खिडकीपासून पु.डा. खुर्चीकडे, बसत नाही" असं. "बसत नाही" लिहायला विसरलात तर पंधरा दिवसांनी नट बसणार आणि म्हणणार मी पहिल्यापासून बसतोय.

जमिनीवर टेप

तालमीच्या जागेत सेट नसतो, त्यामुळे सेटचा नकाशा जमिनीवर टेपने काढणं तुमचं काम. नकाशा १:२५ चा असेल तर कागदावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ मीटर, १:५० असेल तर २ सेंटिमीटर. आधी स्केल कुठलं ते बघा, नकाशा झेरॉक्स करताना लहानमोठा झालेला असू शकतो म्हणून त्यावर छापलेलं एखादं माप पट्टीने मोजून खात्री करा. मग दोन रेघा, एक रंगमंचाच्या पुढच्या कडेला समांतर, एक बरोबर मधून. दोन्ही काटकोनात आहेत का हे बघायला ३-४-५ चा त्रिकोण, म्हणजे एका रेघेवर ३ मीटर, दुसरीवर ४, तिरकं ५ आलं पाहिजे. बाकी सगळे बिंदू या दोन रेघांपासून मोजायचे.

दारं कुठल्या बाजूला उघडतात ती कमान पण काढा. पायऱ्या, लेव्हल (उंच चौथरे), खिडकी सगळं. प्रत्येक अंकाला वेगळा रंग. आणि टेप लावायच्या आधी कोपऱ्यात एक तुकडा लावून काढून बघा, फरशीचा रंग निघाला तर जागेचा मालक तुमच्याशी बोलेल, दिग्दर्शकाशी नाही.

तालमीत

सगळ्यांच्या आधी अर्धा तास जा. झाडू मारा, खिळे-टाचण्या बघा, लाइट-पंखे, पिण्याचं पाणी. कमीपणाचं वाटतं सुरुवातीला, पण अनवाणी तालीम करणाऱ्या मुलीच्या पायात स्टेपलरची पिन गेली की मग नाही वाटत.

ब्रेक तुम्ही द्यायचा. दिग्दर्शक रंगात आला की त्याला घड्याळ दिसत नाही आणि नट संकोचाने बोलत नाहीत. अमेरिकेत ॲक्टर्स इक्विटी ही नट आणि स्टेज मॅनेजरांची युनियन आहे, तिच्या नियमांमध्ये ५५ मिनिटांनंतर ५ मिनिटं किंवा ८० मिनिटांनंतर १० मिनिटं ब्रेक असं गणित चालतं. तुमच्याकडे युनियन असो नसो, हे गणित वापरून बघा, दिग्दर्शकाला "पाच मिनिटांत ब्रेक देते" असं आधी कानात सांगायचं म्हणजे तो चांगल्या जागी थांबतो.

प्रॉम्प्टिंगबद्दल, म्हणजे विसरलेलं वाक्य सुचवण्याबद्दल, दोन शब्द. नटाने "लाइन" म्हटल्याशिवाय द्यायची नाही की अडखळला की लगेच द्यायची, हे दिग्दर्शकाशी ठरवून घ्या आणि सगळ्यांना सांगा. दिलीत तर पहिले दोन-तीन शब्दच, स्पष्ट, सपाट, अभिनय न करता. ठरलेले पॉज स्क्रिप्टमध्ये खुणेने मांडून ठेवा नाहीतर नट सुंदर पॉज घेऊन उभा आहे आणि तुम्ही मधेच लाइन फेकलीत तर तो ते आयुष्यभर विसरत नाही (मला अजून ऐकवतात). नंतर कुणी शब्द गाळले, बदलले त्याच्या चिठ्ठ्या द्या, पण एका दिवशी एकाला पाच-सहाच्या वर नको.

रोज रात्री रिपोर्ट. किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, काय बसवलं, आणि मग खात्यांप्रमाणे. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, कपडे, प्रॉपर्टी (नट हाताळतात त्या वस्तू). कुठल्या खात्याला काही नसेल तर "आज काही नाही" असं लिहा, म्हणजे तुम्ही विसरला नाहीत हे त्याला कळतं. यात मत लिहायचं नाही. "दार नीट नाहीये" याचा नेपथ्यकाराला उपयोग शून्य. "दार आत उघडताना टेबलाच्या कोपऱ्याला लागतं, टेबल हलवता येत नाही कारण त्याच्याभोवती मारामारी आहे, दार बाहेर उघडलं तर चालेल का?" हे लिहिलं की रात्री अकरा वाजता उत्तर येतं. कुणाला लागलं, खरचटलं तरी वेळेसकट नोंद करा. कोण कितव्यांदा लेट आला हे मात्र सगळ्यांना जाणाऱ्या रिपोर्टमध्ये नको, ते त्याच्याशी बाजूला घेऊन बोला.

आपल्याच वर्गातल्या मित्रांना वेळेवर यायला सांगणं हा या वयातला सगळ्यात अवघड भाग आहे हे मान्य. माझा अनुभव असा की आवाज चढवून उपयोग होत नाही, वेळ झाली की शांतपणे तालीम सुरू करायची, जो नाही त्याच्या जागी स्वतः स्क्रिप्ट घेऊन उभं राहायचं. दोन दिवसांत लोक यायला लागतात, आपली जागा दुसऱ्याने घेतलेली कुठल्याच नटाला बघवत नाही.

प्रॉपर्टीचं टेबल

टेबलावर ब्राऊन पेपर अंथरा, प्रत्येक वस्तूभोवती मार्करने बाह्यरेषा काढा, आत नाव आणि प्रवेश लिहा. वस्तू नसली की रिकामी जागा लांबूनच डोळ्यांत भरते. नियम एकच: ज्याची वस्तू त्यानेच घ्यायची, त्यानेच ठेवायची, बाकी कुणी हात लावायचा नाही. खोटी असली तरी सुरी, बंदूक या वस्तू टेबलावर नाही, कुलपात, आणि त्या देणं-घेणं एकाच माणसाकडे.

क्यू लिहिणं

थिएटरमध्ये जायच्या आधी दिग्दर्शक, प्रकाशवाला, ध्वनीवाला यांना एका टेबलाशी बसवा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक क्यू फाइलमध्ये उतरवून घ्या. लोक कंटाळा करतात, "थिएटरमध्येच बघू ना" म्हणतात, ऐकू नका. इथे टेबलावर दोन तासांत होतं त्याला तिथे सगळे नट ताटकळत उभे असताना आठ तास लागतात.

लाइटच्या क्यूंना आकडे, साउंडच्या क्यूंना अक्षरं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे हेडसेटवर घोळ होत नाही. इंग्रजी अक्षरं घेतलीत तर आय आणि ओ वगळा, घाईत ती एक आणि शून्य दिसतात. आकडे सलग न घेता ५, १०, १५ असे घेतले तर मधे जागा राहते, आणि तरी भर पडलीच तर लाइटचे बोर्ड १२.५ असा नंबर घेतात.

आणि क्यू कुठे पडतो ते अक्षरापर्यंत लिहा. "परत येऊ नकोस" या वाक्यावर आहे म्हणजे "परत" वर की "नकोस" संपल्यावर? त्या शब्दाभोवती चौकट, तिथून समासापर्यंत पट्टीने रेघ, रेघेच्या टोकाला नंबर. हालचालीवर असेल तर शरीराचा भाग लिहा. माझ्या त्या ब्लॅकआउटसमोर आता असं आहे: "दुसरं वळणं (दारातलं, खिडकीतलं नव्हे), हनुवटी खांद्यापाशी आली की". लांबलचक आहे, पण आता ताप आला तरी चालेल.

टेक्निकल

टेक्निकलच्या, म्हणजे थिएटरमध्ये लाइट-साउंडसकट होणाऱ्या तालमीच्या दिवशी नाटक तुमच्या ताब्यात येतं. सुरू करायच्या आधी सगळ्यांना रंगमंचावर बोलावून विंगा, पायऱ्या, वायरी, अंधारात कुठे काय आहे ते दाखवा. पायऱ्यांच्या कडांना ग्लो टेप लावा, ती आधी उजेडात राहिली तरच अंधारात चमकते, त्यामुळे दोन्ही अंकांच्या आधी तिच्यावर लाइट पडतोय ना बघा. थांबवायला एकच शब्द, "होल्ड", आणि तो धोका दिसला तर कुणीही म्हणू शकतो. सगळे जिथल्या तिथे. मग कशासाठी थांबलोय ते मोठ्याने सांगा, नाहीतर नट समजतात आपलंच चुकलं. पुन्हा सुरू करताना वाक्य सांगा आणि लाइट-साउंड मागच्या क्यूवर गेल्याची खात्री करा. ब्लॅकआउट करण्याआधी ओरडून सांगा, कुणीतरी शिडीवर असतंच.

कॉल करणं

पद्धत जुनी आणि साधी आहे. क्यूच्या साधारण अर्धं पान आधी स्टँडबाय (तयार राहा), आणि क्यूला गो. असं ऐकू यायला हवं (एलएक्स म्हणजे लाइट):

"एलएक्स २५ आणि साउंड एफ, स्टँडबाय."
"एलएक्स स्टँडबाय."
"साउंड स्टँडबाय."
"एलएक्स २५, साउंड एफ... गो."

"गो" शेवटी. "गो एलएक्स २५" म्हटलंत तर ऑपरेटर पहिल्याच शब्दाला बटण दाबून मोकळा. म्हणूनच हेडसेटवर एरवी गो हा शब्द उच्चारायचाच नाही, जोक सांगताना सुद्धा. स्टँडबाय दिल्यापासून गो होईपर्यंत हेडसेटवर कुणीही बोलायचं नाही. हेडसेट नसेल तर क्यू लाइट असतो, लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे गो.

आता यातली गंमत. तुम्हाला शब्द ऐकू येतो, तुम्ही गो म्हणता, ऑपरेटरच्या कानात जातं, मग बोट, मग लाइट. तोपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. म्हणून गो किंचित आधी पडावा लागतो, नटाने श्वास घेतला की, हात उचलला की. हे पुस्तकातून येत नाही, रन थ्रूचं (न थांबता केलेल्या सलग तालमीचं) रेकॉर्डिंग लावून घरी भिंतीला कॉल करा, दहा वेळा. शेजारच्या खोलीतले वेडी समजतील, समजू देत.

क्यू चुकणार. चुकला की हेडसेटवर कुणाचा याची चर्चा नाही, फक्त पुढचा नंबर, त्याच आवाजात. नट तीन पानं गाळून पुढे गेला तर: "सगळे थांबा. आपण पान ४१ वर आहोत. एलएक्स ४० ते ५५ सोडायचे. पुढचा ६०, स्टँडबाय." मग विंगेत सांगा की कुणाची एन्ट्री उडाली आणि कोण आता लगेच लागणार. सोडलेल्यात टेबलावर पत्र ठेवायचं होतं का हे पण तेव्हाच बघायचं.

प्रयोगाचा दिवस

वेळापत्रक उलटं लिहा, पडदा उघडायच्या वेळेपासून मागे. ब्रिटिश रंगभूमीवर "हाफ" म्हणतात तो पडद्याच्या ३५ मिनिटं आधी असतो, क्वार्टर २० मिनिटं आधी, फाइव्ह १० मिनिटं आधी आणि पहिल्या प्रवेशातल्या नटांना हाक ५ मिनिटं आधी, म्हणजे सगळी गणितं त्या शेवटच्या हाकेपासून मोजलेली. बाकी बऱ्याच ठिकाणी सरळ ३०, १५, ५ चालतं. कुठलंही घ्या, पण एकच घ्या, आणि हाक दिली की मेकअप रूममधून "थँक यू" आलं पाहिजे. उत्तर आलं नाही म्हणजे ऐकलं नाही, आत जाऊन माणूस बघा.

प्रेक्षकांना आत सोडायच्या आधी संपलेलं असायला हवं: रंगमंच झाडून पुसून, प्रत्येक लाइट एकेक करून पेटवून, प्रत्येक स्पीकरमधून आवाज ऐकून, प्रॉपर्टी मोजून, आणि मारामारी किंवा कुणाला उचलायचं असेल तर ते हळू वेगात एकदा करून, दर प्रयोगाला, शंभरावा असला तरी. यादी छापलेली ठेवा आणि टिक करा. डोक्याने केलेलं चेकिंग कालच्या प्रयोगाचं असतं.

फाइलच्या आतल्या कव्हरवर प्रयोग थांबवायची वाक्यं मोठ्या अक्षरात चिकटवा: "रसिकहो, तांत्रिक अडचणीमुळे प्रयोग काही वेळ थांबवत आहोत. कृपया आपापल्या जागेवर बसून राहावं." आणि हॉल रिकामा करायचा असेल तर त्याची वेगळी, थिएटरवाल्यांना विचारून. हात थरथरत असताना वाक्य सुचत नाही, वाचता येतं.

रात्री पुन्हा रिपोर्ट, प्रत्येक अंकाची मिनिटं लिहून. पहिला अंक हळूहळू चार मिनिटांनी वाढलाय हे त्या आकड्यांतच दिसतं, आणि दिग्दर्शक येत नसताना नाटक त्याने बसवलंय तसं ठेवणं तुमच्याकडे असतं. नटाला सांगताना "तू ओव्हर करतोयस" म्हणू नका, "दुसऱ्या प्रवेशात आधी खुर्चीमागे थांबायचास, आता पुढे येतोस, तिथे लाइट नाहीये" म्हणा. फाइल उघडून दाखवता येतं, वाद होत नाही.

काम शोधत असाल तर आधी असिस्टंट व्हा, आणि कुणी चांगलं कॉल करतं असं ऐकलं तर विचारून एका प्रयोगाला त्यांच्या मागे गुपचूप बसा. मुलाखतीला जाताना फाइलची दोन-चार पानं, एक तक्ता, एक रिपोर्ट न्या, नावं-नंबर झाकून.

शेवटचा प्रयोग झाला की सगळे फोटो काढत असतात तेव्हा तुम्ही उसन्या आणलेल्या वस्तूंची यादी घेऊन उभे राहणार, कुठली कुणाला परत, कुणी नेली, सही. टेप हळू ओढा, जमिनीला जवळजवळ समांतर धरून, नाहीतर गोंद मागे राहतो. फाइल तशीच्या तशी स्कॅन करा, खोडलेलं पुसट सुद्धा, आणि थिएटरच्या चाव्या त्याच रात्री देऊन टाका.